ओबीडी गेजवर कोणते आकडे ठेवायचे? नागपुरात गाडी चालवणाऱ्या नवशिक्यांसाठी

ओबीडी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःची तब्येत सांगण्याची सोय. तिचे आकडे वाचणारा ॲडॉप्टर गाडीत खोचला आणि फोनवर ॲप उघडलं की आकड्यांची भली मोठी यादी समोर येते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) टेंपरेचर, इंजिन लोड, थ्रॉटल पोझिशन, फ्युएल ट्रिम, टायमिंग ॲडव्हान्स, ऑक्सिजन सेन्सर, आणि असं बरंच काही. नवीन माणूस हौसेने दहा-बारा डायल स्क्रीनवर मांडतो. आठवडाभरात त्यांतला एकही बघावासा वाटत नाही, आणि ज्याच्यावर खरंच नजर ठेवायला हवी होती तोही त्या गर्दीत दिसेनासा होतो.

म्हणून निवड करताना प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारा: गाडी चालवताना हा बदलला तर मी काय करणार आहे? एसी बंद करणार, वेग कमी करणार, बाजूला थांबणार की गॅरेज गाठणार, असं उत्तर तयार असेल तर तो आकडा स्क्रीनवर ठेवा. उत्तर नसेल तर तो गाडी उभी असताना तपासायचा आहे, चालवताना त्याचा उपयोग नाही. या चाळणीतून बहुतेक गाड्यांसाठी तीन-चारच आकडे उरतात. ते कोणते, हे गाडीवर जेवढं अवलंबून आहे तेवढंच गावावरही आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात गाडी चालवणाऱ्याची यादी महाबळेश्वरवाल्याच्या यादीसारखी कशी असेल?

आधी गाडी काय सांगते ते बघा

ओबीडीचं सॉकेट सोळा पिनांचं असतं आणि बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सापडतं. कुठे त्यावर छोटं झाकण असतं, कुठे ते फ्यूजच्या डब्याशेजारी लपलेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ हे गाड्यांच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं, त्यानंतरच्या गाडीत फारशी अडचण येत नाही. बीएस ४ च्या बहुतेक गाड्यांतही काम होतं. त्याहून जुन्या गाडीत सॉकेट असलं तरी आतून उत्तर मिळेलच असं नाही. ॲडॉप्टर विकत घेण्याआधी एखाद्या मित्राचा लावून बघा.

बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त ॲडॉप्टर ईएलएम ३२७ या चिपच्या नकला असतात. साधे आकडे वाचायला त्या चालतात, कंपनीचे खास आकडे मागायला गेलं की अडखळतात. आयफोन असेल तर साधा जुना ब्लूटूथ ॲडॉप्टर घेऊ नका, तो जोडलाच जाणार नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा घ्या. अँड्रॉइडवर सगळेच चालतात. ॲपमध्ये टॉर्क प्रो आणि कार स्कॅनर ही दोन नावं तुम्हाला सगळीकडे ऐकू येतील. दोन्ही पुरेशी आहेत, त्यावर वाद घालत बसू नका. फोनऐवजी थेट सॉकेटला लागणारं छोटं गेज घेतलं तरी निवडीचं गणित तेच राहतं.

चावी ऑन करा, ॲप जोडा आणि गाडी कोणते सेन्सर दाखवते ती यादी काढा. बहुतेक ॲपमध्ये ‘उपलब्ध सेन्सर’ अशा अर्थाचं पान असतं. इथे पहिला धक्का बसतो. ज्या आकड्यासाठी हे सगळं घेतलं तो गाडी देतच नाही, असं होऊ शकतं. ऑइल प्रेशर बघायचं म्हणून गेज घेणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक साध्या गाड्यांत ऑइल प्रेशरचा आकडा मोजलाच जात नाही. तिथे फक्त एक स्विच असतो, जो प्रेशर पडलं की लाल दिवा लावतो. तो दिवा पेटला तर गेजकडे बघत बसू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ऑइलचं तापमानही काहीच गाड्या देतात.

एक तांत्रिक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण निवडीवर तिचा थेट परिणाम होतो. ॲडॉप्टर सगळे आकडे एकदम आणत नाही. तो गाडीच्या कॉम्प्युटरला एक प्रश्न विचारतो, उत्तर आलं की दुसरा विचारतो. स्क्रीनवर बारा आकडे असतील तर प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि दिसतो तो काही क्षणांपूर्वीचा जुना आकडा. जुन्या गाड्यांत कॉम्प्युटरशी बोलण्याची तारच संथ असते, तिथे हे लगेच जाणवतं. तापमानाला त्याने फरक पडत नाही, कारण ते हळूहळू बदलतं. पण टर्बोचं (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) प्रेशर निमिषात चढतं-उतरतं, ते गर्दीत दिसणारच नाही.

मोजलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा

कूलंटचं तापमान, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, इनटेक मॅनिफोल्डमधलं (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांमधलं) प्रेशर, आरपीएम आणि व्होल्टेज हे आकडे सेन्सर मोजतात. ॲव्हरेज, हॉर्सपॉवर आणि टॉर्क हे ॲप आपल्या हिशोबाने काढतं. त्यांना थेट सेन्सरच नाही.

ॲव्हरेजच्या आकड्यावर नवशिक्यांचा सगळ्यात जास्त जीव असतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पेट्रोल इंजिन हवा आणि इंधन जवळजवळ ठरलेल्या प्रमाणात मिसळतं. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं आहे. त्यामुळे किती हवा आत गेली हे कळलं की किती पेट्रोल जळलं याचा अंदाज लागतो. डिझेल इंजिनात हे प्रमाण ठरलेलं नसतं. हवा भरपूर जाते आणि डिझेल पायाच्या दाबाप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणून हवेवरून काढलेलं डिझेलचं ॲव्हरेज चुकतंच, तेही थोडंथोडकं नाही. खरं ॲव्हरेज हवं असेल तर टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा आणि भागाकार करा. हा आकडा मी गेजवर ठेवत नाही, ठेवूही देत नाही.

आरपीएम आणि वेगही काढून टाका, ते डॅशबोर्डवर आहेतच. ओबीडीवरचा वेग डॅशबोर्डपेक्षा दोन-चार किलोमीटरने कमी दिसला तर घाबरू नका. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात.

कूलंटचं तापमान: याला पहिली जागा

बाकी काही ठेवलं नाही तरी हा आकडा ठेवा. कारण डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा तुम्हाला खरं सांगत नाही. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण पाऊणशेपासून शंभराच्या वरपर्यंत तो मध्यभागीच उभा राहतो. ग्राहकाने उगाच चिंता करू नये म्हणून केलेली ही सोय आहे. तो हलायला लागतो तेव्हा हातात वेळ फार थोडा उरलेला असतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नसतो, थंड असताना निळा दिवा आणि उकळल्यावर लाल दिवा, एवढंच.

आकडा समजून घेण्यासाठी इंजिन कसं थंड होतं ते थोडक्यात बघू. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट (तापमानाने उघडणारी झडप) उघडायला लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. गाडी चालत असेल तर समोरची हवाच पुरते. उभी असेल तर आकडा वर सरकतो आणि ९५ ते १०० च्या आसपास इलेक्ट्रिक फॅन सुरू होतो, मग तो पाच-सहा अंश खाली येतो, फॅन बंद होतो, पुन्हा चढतो. ही वर-खाली ठीक आहे. काही नवी इंजिनं मुद्दाम १०५ पर्यंत गरम ठेवली जातात, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

१०० झालं म्हणजे उकळलं, असंही नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल आणि कॅप नीट दाब धरत असेल तर उकळण्याचा बिंदू १२० च्या पुढे जातो. पण इथेच आपल्याकडची सवय नडते. पातळी कमी झाली की बाटलीतलं किंवा बोअरचं पाणी ओततात. कूलंट पातळ होतं, जड पाण्याचे थर रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, आणि कॅप जुनी झाली की दाबही राहत नाही. हिवाळ्यात हे सगळं खपून जातं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खपत नाही. भर घालायची तर तयार मिसळलेलं कूलंट घाला, अडचणीत डिस्टिल्ड वॉटर.

आकड्यापेक्षा तो कधी चढतो याकडे जास्त लक्ष द्या. त्यावरून दोष कुठे आहे हे बरंचसं कळतं. बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गर्दीत किंवा सिग्नलला चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, तर संशय फॅनवर घ्या: फॅनची मोटर, रिले, किंवा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये बसलेला कचरा. गावात ठीक असतो आणि समृद्धी महामार्गावर १२० ने तासभर गेल्यावर चढत राहतो, तर फॅनचा संबंध नाही, कूलंट पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटर आतून तुंबलेला असेल, वॉटर पंप दमला असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल. एकदम वर-खाली उड्या मारतो, तर कूलंटमध्ये हवा आहे किंवा सेन्सरची वायर ढिली आहे. मेकॅनिककडे जाऊन ‘गाडी गरम होते’ म्हणण्यापेक्षा यातलं एक वाक्य सांगितलंत तर त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे.

उलटा प्रकारही असतो. डिसेंबरच्या सकाळी वर्धा रोडला गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटं पळाली तरी आकडा ६५-७० वरच अडकलेला आहे, तर थर्मोस्टॅट उघडा राहून गेलाय. लोक याला चांगलं लक्षण समजतात, ‘आपली गाडी तापतच नाही’ म्हणून सांगतात. इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचत नाही म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. कॉम्प्युटर या बिघाडासाठी जो कोड नोंदवतो तोही ठरलेला आहे, पी ०१२८.

आणि या आकड्याचा सगळ्यात मोठा खोटेपणा: होज फुटून कूलंट निघून गेलं तर सेन्सर हवेत किंवा वाफेत लटकतो आणि आकडा खाली जाऊ शकतो. कडक उन्हात, भर प्रवासात आकडा अचानक, कारण नसताना घसरला तर तोही धोक्याचा इशारा धरा.

बॅटरीचं व्होल्टेज

उन्हाळा बॅटरीला आतून झिजवतो आणि ती मरते मात्र डिसेंबरच्या पहिल्या गार सकाळी, म्हणून दोष थंडीवर जातो. व्होल्टेजचा आकडा ठेवला तर हे आधी कळतं. रात्रभर उभ्या गाडीत, चावी लावण्याआधी १२.४ ते १२.७ असायला हवं. सेल्फ मारताना ते क्षणभर खाली जातं. साडेनऊ-दहाच्या खाली जायला लागलं तर बॅटरीचे दिवस भरत आलेत. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.७.

दोन गोष्टींनी नवशिके फसतात. मे महिन्यात लांबच्या प्रवासात १३.४ दिसलं की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेला असं वाटतं. पण गरम बॅटरीला जास्त व्होल्टेज घातक असतं, म्हणून रेग्युलेटर ते स्वतःहून उतरवतो. दुसरं, नव्या गाड्यांत स्मार्ट चार्जिंग असतं. ॲक्सिलरेटर दाबला की आकडा साडेबारापर्यंत पडतो, ब्रेक मारला की १५ कडे जातो. अशा गाडीत एकेका क्षणाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. बराच वेळ तो १२.५ च्या खालीच राहिला तर मात्र बघायला हवं.

ॲपमध्ये व्होल्टेजची दोन नावं दिसतात, एक ॲडॉप्टरने मोजलेलं आणि एक गाडीच्या कॉम्प्युटरने. गाडी देत असेल तर दुसरं घ्या. स्वस्त ॲडॉप्टरचं मोजमाप कधी कधी पाव-अर्धा व्होल्ट इकडेतिकडे असतं.

इनटेक एअर टेंपरेचर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान): ठेवायचं की नाही?

इथे माझं मत जरा वेगळं आहे. नागपुरात राहतो म्हटल्यावर प्रत्येक जण हा आकडा आधी लावतो. मेमध्ये दुपारी सिग्नलला उभं असताना ६०-७० अंश दिसले की स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवतो. ती बाहेरची हवा नव्हे. इंजिनाच्या उष्णतेने पाइप आणि सेन्सर दोन्ही तापलेले असतात. गाडी पन्नास-साठच्या वेगाने दोन-तीन किलोमीटर गेली की तो आकडा बाहेरच्या तापमानाच्या पाच-पंधरा अंश वर येऊन थांबतो. खरा आकडा तो.

हवा गरम असली की विरळ होते, शिवाय नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो. दुपारी पिकअप मेल्यासारखं वाटतं त्याचं कारण हे आहे. पण साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत हे कळून तुम्ही करणार काय? ओव्हरटेक करताना थोडी जास्त जागा ठेवाल, आणि ती आकड्याशिवायही ठेवायला हवीच. म्हणून अशा गाडीत हा आकडा आठवडाभर बघा, समजून घ्या आणि काढून टाका.

टर्बो गाडीत तो ठेवण्यासारखा आहे, पण सेन्सर कुठे बसवलाय ते आधी कळायला हवं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पुढे, इंजिनाच्या तोंडाशी असेल तर मोकळ्या रस्त्यावर आकडा बाहेरच्यापेक्षा तीस-चाळीस अंशांनी वरच राहायला लागल्यावर इंटरकूलरच्या जाळीत चिखल, किडे, पिशव्या काय अडकलंय ते बघा. एअर फिल्टरजवळ असेल तर इंटरकूलरबद्दल तो काहीच सांगणार नाही.

चौथी जागा तुमच्या गाडीप्रमाणे

पेट्रोल असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो. शून्याच्या अल्याडपल्याड पाचपर्यंत उत्तम, दहाच्या पुढे सातत्याने गेला तर तपासणी हवी, आणि पंचवीसच्या आसपास गेल्यावर बऱ्याच गाड्या चेक लाइट लावतात. उभ्या गाडीत आकडा मोठा आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्य, तर कुठून तरी हवा गळतेय. वेगात आणि चढावर वाढत जातो, तर पेट्रोल पुरत नाहीये: फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर.

आता पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. ई१० वर बसवलेल्या गाडीत ई२० भरल्यावर हा आकडा तीन-चार टक्क्यांनी वर सरकणं अपेक्षितच आहे. त्यासाठी इंजेक्टर साफ करून घ्यायला धावू नका. सीएनजीची गाडी असेल तर दोन्ही इंधनांवरचे आकडे वेगळे लिहून ठेवा, एकमेकांशी तुलना करू नका. ट्रिम गाडी चालवताना टक लावून बघायचा आकडा नाही, तो आठवड्यातून एकदा बघितला तरी पुरतो.

टर्बो डिझेल असेल तर मॅनिफोल्ड प्रेशर ठेवा. हा आकडा वातावरणाच्या दाबासकट येतो, हे लक्षात असू द्या. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणून इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की इथे ९६ ते ९८ किलोपास्कल दिसायला हवेत. तेवढे दिसले तर सेन्सर ठीक आहे, फुकटात तपासणी झाली. चालत्या गाडीतल्या आकड्यातून हे वजा केलं की टर्बोने दिलेला दाब मिळतो. एखादा मोकळा, सरळ रस्ता ठरवा, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवरून पूर्ण पाय दाबा आणि सर्वांत वरचा आकडा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तिथेच, त्याच गिअरमध्ये तो बराच कमी आला आणि धूरही काळा यायला लागला, तर आधी इंटरकूलरचे होज बघा. टर्बो बदलायला सांगणाऱ्याकडे त्यानंतर जा.

बीएस ६ डिझेलवाल्यांनी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी किती भरली तेही शोधावं. हा आकडा बहुधा कंपनीच्या खास यादीत असतो, ॲपमध्ये आपल्या मॉडेलचं प्रोफाइल निवडल्यावर मिळतो. धरमपेठेतून शाळा, शाळेतून बर्डी, तिथून घर असा रोजचा तीन-चार किलोमीटरचा फेरा असेल तर धुराड्याला काजळी जाळण्याइतकी उष्णता कधी मिळतच नाही. त्यासाठी आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. टक्केवारी वर गेलेली दिसली की वीस-पंचवीस मिनिटं आउटर रिंग रोडवर एकसारख्या वेगाने गाडी काढा. काजळी जळत असताना आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) थोडं वाढतं आणि फॅन जोरात चालतो, अशा वेळी घर आलं म्हणून लगेच इंजिन बंद करू नका. या एका आकड्यासाठीच डिझेलवाल्याने ॲडॉप्टर घ्यावा असं माझं मत आहे.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लचचा गिअरबॉक्स) असेल तर आणि गाडी देत असेल तर क्लचचं तापमान. गर्दीत इंच-इंच सरकताना ते चढतं. चढलं की पुढच्या गाडीशी अंतर पडू द्या आणि मग एकदमच पुढे जा, किंवा पूर्ण थांबून न्यूट्रलमध्ये टाका.

ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज, टायमिंग ॲडव्हान्स, कॅटॅलिस्टचं (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचं) तापमान हे सगळं मेकॅनिकला लागतं. चालवताना त्यांना जागा नको.

आपल्या गाडीचं खातं उघडा

वर दिलेले आकडे साधारण आहेत. तुमच्या गाडीचे खरे आकडे तुम्हालाच लिहायचेत, आणि गाडी ठणठणीत असतानाच. वहीत लिहा किंवा ॲपमध्ये लॉग ठेवा.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करण्याआधी फक्त चावी ऑन करा. कूलंट, इनटेक हवा आणि बाहेरची हवा, हे तिन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या फरकात जुळायला हवेत, कारण रात्रभरात सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. एखादा दहा अंशांनी वेगळा असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय. सेन्सर चुकू शकतात, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग सेन्सरचा दोष निघाला. गाडीतल्या एका विचित्र आकड्यावरून घाबरण्याआधी दुसऱ्या आकड्याशी ताडून बघा.

मग इंजिन सुरू करून एसीशिवाय आणि एसीसह आयडलिंगचे आकडे घ्या. फॅन कोणत्या आकड्याला लागतो आणि कोणत्याला बंद होतो ते नोंदवा (बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन तसाही चालू होतो, म्हणून हे एसी बंद ठेवून बघा). संध्याकाळच्या गर्दीत एक फेरी मारा. एक फेरी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत, एकसारख्या वेगाने. हे सगळं एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये करा. मेमधल्या गर्दीत दिसलेला सर्वांत मोठा कूलंटचा आकडा तुमच्या गाडीची वरची सीमा समजा.

स्क्रीन आणि अलार्म

डायल आणि काटे देखणे दिसतात, पण चालवताना वाचायला मोठे, साधे अंक सोपे. कूलंटचा अंक सगळ्यात मोठा, बाकीचे लहान. आणि खरं म्हणजे बघायचंही नाही, ऐकायचं. ॲपमध्ये अलार्म लावून ठेवा. कूलंटसाठी तुमच्या वरच्या सीमेच्या सहा-सात अंश पुढे लावा. म्हणजे गाडी मेच्या गर्दीत १०१ पर्यंत जात असेल तर १०७-१०८. फार जवळ लावलात तर रोज वाजेल आणि चौथ्या दिवशी तुम्ही तो बंद करून टाकाल.

फोन होल्डरमध्ये, विंडस्क्रीनवरून रस्ता अडणार नाही असा लावा. हातात फोन धरून चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. दुसरी अडचण उन्हाची. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन इंजिनाआधी स्वतःच तापून बंद पडतो. होल्डर एसीच्या झडपेवर लावला की हा प्रश्न सुटतो. काचेवर उमटणारे एचयूडी गेज इथे दुपारी फारसे दिसत नाहीत, तेवढं घेण्याआधी बघून घ्या.

अलार्म वाजला तर

कूलंटचा असेल तर एसी ताबडतोब बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरावर टाका. भर उन्हात हे जिवावर येतं, पण हीटरची कॉइल हा छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची उष्णता खेचून घेतो. खिडक्या उघडा. वेग उतरवा. आकडा खाली यायला लागला तर तसेच हळू चालत राहा. गर्दीत थांबलेले असाल आणि फॅन चालू असेल तर इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवलेलं चालतं, कारण ते बंद केलं की कूलंट फिरायचंच थांबतं. पण आकडा चढतच राहिला, फॅन फिरत नसला, वाफ दिसली किंवा खाली कूलंट सांडलेलं दिसलं, तर लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या पंपापर्यंत नेऊ, हा विचार हेड गॅस्केटचं बिल घेऊन येतो. समृद्धीवर असाल तर गाडी अगदी कडेला, धोक्याचे दिवे लावून, आणि माणसं गाडीतून उतरून बॅरिअरच्या पलीकडे.

रेडिएटरची किंवा टाकीची कॅप गरम असताना उघडायची नाही. अर्धा-पाऊण तास थांबा, होज हाताला सोसवेल एवढा थंड होऊ द्या. गरम इंजिनावर थंड पाणी ओतणं तर अजिबात नको, हेडला तडा जाऊ शकतो.

चेक लाइट लागला असेल तर कोड वाचा, पण लगेच पुसू नका. कोडसोबत कॉम्प्युटर त्या क्षणाचे आकडे साठवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग किती होता, कूलंट किती होतं, लोड किती होता हे त्यात असतं आणि कोड पुसला की तेही जातं. आधी फोटो काढा, मग मेकॅनिकला दाखवा. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिस्ट जाळतंय. पाय हलका करा आणि सरळ जवळचं गॅरेज गाठा.

काही ॲडॉप्टर गाडी बंद असतानाही थोडा करंट खात राहतात, तर काही कोणाच्याही फोनला १२३४ पासवर्डवर जोडले जातात. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल, किंवा सर्व्हिसिंगला देणार असाल, तर तो सॉकेटमधून काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. सर्व्हिसिंगहून आल्यावर मात्र पहिल्याच दिवशी परत लावून आयडलिंगचे आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. कूलंट बदललं असेल तर आत राहिलेली हवा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच आकड्याला उड्या मारायला लावते, आणि गाडी परत घेऊन जायची तर ती लगेच नेलेली बरी.